पाण्याखालचा उन्हाळा

जुलै महिन्यात ऑन्टारिओच्या उत्तर भागातलं कुठलंही तळं काठावरून पाहिलं तर सगळीकडे सारखंच दिसतं. गडद, नितळ, कडेच्या गुलाबी-करड्या ग्रॅनाइटवर हलकेच आपटणारं पाणी. त्या दिसण्यावर विसंबून जो गळ टाकतो त्याला दिवसभरात एखादा पर्च किंवा सनफिश मिळतो आणि संध्याकाळी तो म्हणतो, या तळ्यात मासाच उरलेला नाही. मासा असतो. तो ज्या पाण्यात आहे त्या पाण्यापर्यंत आपण पोचलेलो नसतो.

पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. त्याहून गरम झालं की हलकं होतं, त्याहून थंड झालं तरी हलकंच होतं. म्हणून तर तळं वरून गोठतं आणि तळ्यातला जीव हिवाळा काढू शकतो. एप्रिल संपता संपता बर्फ फुटतो. तेव्हा काही दिवस वरपासून तळापर्यंत सगळं पाणी एकाच तापमानाचं असतं आणि वारा ते बुडापर्यंत घुसळून काढतो. मग ऊन चढतं. वरचं पाणी तापतं, हलकं होतं, वरच राहतं. खालचं जड पाणी खाली अडकतं. जुलैपर्यंत वरचे पाच-सहा मीटर 22 ते 24 अंशांवर येतात, त्याखालच्या काही मीटरांत तापमान दर मीटरला अंशाअंशाने, कधी त्याहून झपाट्याने उतरतं, आणि त्याच्याही खाली थंडगार, अंधारं, न हलणारं पाणी. मधल्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. आमच्या गावच्या विहिरीत मे महिन्यात उडी मारली की छातीला कोमट पाणी लागायचं आणि तळपायांना एकदम हिव भरायचं, अगदी तसंच हे, फक्त कोसच्या कोस पसरलेलं.

उन्हाळ्यातलं गरवणं म्हणजे माझ्या लेखी हे थर ओळखणं. मी मिसिसागात राहते. सुट्टी जोडून आली की हायवे 400 धरून पॅरी साउंडच्या पलीकडे जाते, कधी थेट फ्रेंच नदीपर्यंत. सामानात रॉड आणि रील असतातच, पण होडी पाण्यात ढकलल्यावर आधी बाहेर निघतो तो लांब वायरच्या टोकाला सेन्सर असलेला थर्मामीटर. एकेक मीटर वायर सोडायची आणि आकडे वाचायचे. कुठल्या खोलीवर आकडा कोसळतो ते कळलं की तळ्याचा त्या दिवसापुरता नकाशा तयार होतो. हे कंटाळवाणं वाटेल, पण मला त्यात फार आनंद होतो. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याला आतून घाट असतो, आणि तो वाऱ्यागणिक बदलतो. पश्चिमेचा वारा दोन दिवस जोरात वाहिला की वरचं कोमट पाणी पूर्वेच्या काठाला जाऊन साचतं, तिथला ऊबदार थर जाड होतो. आणि पश्चिमेच्या काठाला खालचं थंड पाणी वर सरकतं. थर्मोक्लाइन अक्षरशः कलते. काठावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही.

या तळ्यांतले दोन शिकारी मासे मला सर्वांत जवळचे वाटतात, स्मॉलमाउथ बास आणि नॉर्दर्न पाइक. दोघं एकाच पाण्यात राहतात, बरेचदा एकाच खडकाच्या दोन बाजूंना. पण ऊन चढलं की दोघांच्या वाटा फुटतात. बासला ऊब मानवते. पाण्याने पंचविशी गाठली तरी तो हिंडतो, खातो, वाढतो. पाइक मात्र गार पाण्याचा मासा. ऑन्टारिओतले मत्स्यशास्त्रज्ञ जॉन कॅसलमन यांनी पाइकवर बरीच वर्षं काम केलं, आणि 1978 मध्ये दाखवून दिलं की त्याची वाढ सर्वांत चांगली होते ती 19 ते 21 अंशांच्या पाण्यात. लहान पाइक गरम पाण्यातल्या वनस्पतींतही दिवस काढतो. मोठ्याला ते जमत नाही. शरीर जितकं मोठं, तितकी गारव्याची गरज जास्त. म्हणून जुलैमध्ये काठाजवळ हातभर पाइक लागतात आणि लोकांना वाटतं इथे मोठे नाहीतच. मोठे खाली गेलेले असतात.

आधी बासचं सांगते, कारण उन्हाळा त्याचा आहे.

स्मॉलमाउथ बास कांस्यरंगी असतो. अंगावर गडद उभे पट्टे, डोळे लाल. त्याच्या जबड्याचा शेवट डोळ्याच्या मागे जात नाही, लार्जमाउथचा जातो. या माशाचं मुख्य खाणं म्हणजे क्रेफिश, आपल्या ओढ्यातल्या झिंग्याला नांग्या फुटाव्यात असा दगडाखाली राहणारा प्राणी. म्हणून बास शोधायचा असेल तर आधी दगड शोधावेत. गोटे, फुटके कडे, पाण्यात बुडालेले उंचवटे, बेटाचं पाण्याखाली लांबलेलं टोक. त्यातही ज्या दगडाच्या शेजारी खोल पाणी आहे तो दगड धरावा. बासला उथळात खायला येता यावं आणि ऊन तापलं की चार शेपट्या मारून खोलात उतरता यावं, अशी जागा त्याला लागते.

पहाटे, पाणी आरशासारखं थांबलेलं असताना, मी पॉपर वापरते. पृष्ठभागावर तरंगणारा, पुढून खोलगट तोंडाचा लूर, म्हणजे नकली आमिष. झटका दिला की तो ‘पुळुक्’ करतो. तो फेकल्यावर सगळ्यांची घाई होते ती इथेच. पडल्यावर उठलेली वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग एक झटका. पुन्हा थांबायचं. बास बहुतेक वेळा त्या थांबण्यात येतो. खालून तो आधीच पाहत असतो, निर्णय घेत असतो, आणि हलणं थांबलं की त्याचा धीर सुटतो.

ऊन वर आलं की हा खेळ संपतो. मग चार ते आठ मीटरवरच्या उंचवट्यांवर ट्यूब जिग उतरवायची. पोकळ, मऊ, शेपटीला झालर असलेली ही नळी हिरवट-तपकिरी रंगात घेतली की तळावर ती हुबेहूब क्रेफिशसारखी चालते. तिला ओढत न्यायचं, दगडावर ठोकरू द्यायचं, मध्येच सोडून द्यायचं. पाणी नितळ असल्याने दोरा बारीक आणि फेक लांब लागते. दंश बरेचदा जिग खाली पडतानाच येतो, आणि तो धक्क्यासारखा नसतो. दोरा नुसता एका बाजूला चालू लागतो किंवा तळ लागायला हवा त्याआधीच सैल पडतो. ते ओळखायला बोटांत दोरा धरून बसावं लागतं. एक बास लागला की त्याच्यामागे त्याचे सोबती धावत येतात, त्याच्या तोंडातला घास हिसकायला. म्हणून होडीत दोघं असतील तर दुसऱ्याने लगेच तिथेच जिग सोडावी. आणि लागलेला बास काय करतो ते एकदा तरी पाहावं. दोन किलोचाही नसलेला मासा आठ मीटरवरून सरळ वर येतो, पाणी फोडून अंगभर उडतो, हवेत डोकं झटकतो आणि पडताच पुन्हा तळाकडे धावतो. अमेरिकेच्या जेम्स हेन्शल या डॉक्टरांनी 1881 मध्ये या माशांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांना तो का लिहावासा वाटला, हे त्या पहिल्या उडीत समजतं.

माझा भाचा शिकायला टोरोंटोला आला तेव्हा त्याला मी इथे घेऊन आले होते. भर दुपारी तो गवताच्या दाट पट्ट्यात स्पून फेकत होता आणि दर वेळी हिरवळ ओढून आणत होता.

“आत्या, इथे पाइक असतो असं तूच म्हणालीस ना?”

“असतो रे. पण गवताच्या पोटात फेकू नकोस. कडेला फेक. जिथे गवत संपतं आणि पाणी काळं होतं, त्या रेघेवर.”

“रेघ दिसतेय कुठे?”

“चष्मा लाव. पोलरॉइडचा. मग दिसेल.”

दिसली. तीच ती रेघ, जिच्याभोवती पाइकचं सगळं आयुष्य फिरतं. त्याची ठेवण पाहिली की ते कळतं. लांबट देह, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, वर पाहणारे डोळे, आणि पाठीचा पर पार शेपटीजवळ, पोटाकडच्या पराच्या बरोबर वर. सगळं बळ मागे एकवटलेलं. लांब पाठलाग हा त्याचा धर्म नाही. तो वनस्पतींच्या कडेला तासन्‌तास स्थिर राहतो, अंग नागमोडी आवळतो आणि एका झेपेत अंतर संपवतो. सावज आडवं पकडतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. दात आत वळलेले असतात, एकदा आत गेलेलं बाहेर येत नाही. साधा दोरा ते सहज कापतात, म्हणून लूरच्या आधी वीतभर तारेचा लीडर हवाच. लीडर लावायचा आळस केला तर मासा तुटलेला लूर तोंडात घेऊन जातो आणि त्याचे हाल होतात.

इकडे ज्याला कॅबेज म्हणतात ती रुंद, कुरकुरीत पानांची पाणवनस्पती पाइकला फार प्रिय आहे. ती हिरवी आणि ताजी असेल तिथे थांबावं; तपकिरी होऊन सडू लागली असेल तिथून पुढे निघावं. कडेला समांतर होडी ठेवून, रेघेला धरून लांब फेकायचं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा स्पून अजूनही चालतो. डेट्रॉइटच्या लू एपिंगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलेली ही नुसती वाकवलेली पत्र्याची चकती आहे. ओढताना मध्येच सैल सोडली की ती डगमगत, चमकत खाली जाते, आणि पाइक त्या डगमगण्यावर येतो. कधी तो होडीपर्यंत मागे येतो आणि थांबतो. तेव्हा लूर बाहेर काढायचा नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायचं. वळणावर लूरची बाजू त्याच्यापुढे येते आणि कैकदा तो होडीला अंग घासत तिथेच झेप घेतो.

डगमगण्याचं हे रहस्य ज्याने खऱ्या अर्थाने ओळखलं तो फिनलंडचा एक गरीब मच्छीमार होता, लाउरी रापाला. होडी वल्हवता वल्हवता त्याने पाहिलं, की लहान माशांच्या थव्यातून मोठा शिकारी मासा नेमका तोच उचलतो जो किंचित तिरका, लटपटत पोहतो. जखमी, आजारी, एकटा पडलेला. 1936 मध्ये त्याने बुचाच्या लाकडातून चांभारी सुरीने एक मासा कोरला, चॉकलेटच्या चंदेरी कागदात गुंडाळला, आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. तो ओढला की बरोबर तसाच लटपटायचा. पुढे त्याच्या नावाची मोठी कंपनी झाली. मला मात्र त्या कंपनीपेक्षा वल्ह्यावर हात ठेवून पाण्यात पाहत राहिलेला तो माणूस मोलाचा वाटतो. पोटासाठी मासे धरणाऱ्याने इतकं बारकाईने पाहिलं, आणि जे पाहिलं ते हातांनी लाकडात उतरवलं.

जुलै अर्धा सरला की मोठ्या पाइकसाठी गवत सोडावं लागतं. मग जिथे गार ओढा तळ्याला मिळतो ती मुखं, झऱ्यांच्या जागा, आणि थर्मोक्लाइनच्या वरच्या भागातली, सहा ते नऊ मीटरची कड. अशा खोल, स्वच्छ तळ्यांत सिस्को नावाचे रुपेरी मासे गारव्याच्या थराला धरून थव्याने राहतात. मोठा पाइक त्यांच्या मागे असतो. होडीतल्या सोनार यंत्रावर थवा दिसला की खोल जाणारा लांबट लूर हळू ओढत न्यायचा. सगळ्या तळ्यांत हे साधत नाही. ज्या तळ्यांत शेवाळ फार, त्यांच्या तळाचा प्राणवायू ऑगस्टपर्यंत सडणाऱ्या पाल्यानेच संपवलेला असतो. वर पाणी फार गरम, खाली श्वासच नाही. पाइक या दोहोंमधल्या पातळ पट्ट्यात कोंडला जातो, नीट खात नाही, वाळतो. अशा तळ्यात तो कुठे आहे ते थर्मामीटरने सहज सापडतं, आणि म्हणूनच तिथे त्याच्यावर गळ टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

ही गोष्ट मला जरा थांबून सांगायची आहे. मासा धरून सोडून दिला की तो वाचला, असं पुष्कळ भले लोक मानतात. गार पाण्यात ते बहुतांशी खरं आहे. पण खालच्या थंड थरातून वर ओढलेला मोठा पाइक जेव्हा 25 अंशांच्या पाण्यात झुंजतो, तेव्हा त्याला प्राणवायू सर्वांत जास्त लागतो आणि त्या पाण्यात तो सर्वांत कमी असतो. हातातून तो निघून जातो, शेपटी मारतो, आपण समाधानाने पाहतो. आणि थोड्या वेळाने तो कुठेतरी उलटा होतो. एवढा मासा व्हायला दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात. म्हणून उष्णतेची लाट असेल त्या आठवड्यात मी पाइकच्या वाटेला जात नाही, कुणालाही नेत नाही. एरवीही गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवते, म्हणजे गळ पटकन सुटतो. जाळं रबरी, लांब नाकाची पक्कड हाताशी, मासा शक्यतो पाण्यातच. उचललाच तर आडवा, पोटाखाली हात देऊन. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून पाइक उचलण्याची जुनी रीत आहे. ती पाहिली की मला संताप येतो. खोल पाण्यातून भराभर ओढलेल्या बासचीही हवेची पिशवी फुगते आणि त्याला खाली जाता येत नाही, म्हणून नऊ-दहा मीटरच्या खाली मी बासवर जिग सोडतच नाही.

बासच्या बाबतीत आणखी एक वेळ अशी आहे, जेव्हा हात आवरावा लागतो. वसंतात पाणी 15-16 अंशांवर आलं की नर वाळूगोट्यांत शेपटीने बशीसारखं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर राहतो. अंड्यांना वारा घालतो, पिल्लं पोहायला लागली तरी त्यांच्याभोवती फिरतो, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतो. त्यात लूरही आला. त्या दिवसांत त्याला पकडणं फार सोपं असतं. आणि त्याला काही मिनिटं जरी तिथून हलवलं तरी पर्च आणि सनफिश घरटं साफ करतात. ईरी सरोवरात आता गोबी हा बाहेरून आलेला लहानसा मासाही त्यात सामील झाला आहे. म्हणून ऑन्टारिओच्या बऱ्याच भागांत बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धापर्यंत उघडत नाही. मला हा नियम इथे येऊन शिकावा लागला नाही. संगमेश्वराकडच्या आमच्या गावी डोहात मरळीचं जोडपं लालसर पिल्लांचा घोळका राखत फिरायचं. त्या घोळक्यात बेडूक लावून गरी सोडली की आईबाप हटकून लागतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझे काका पट्टीचे गरवणारे, पण पिल्लांवर ते कधी गरी टाकू द्यायचे नाहीत. “पोरं वाढू देत,” एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या डोहाकडे चालू लागायचे.

बासवर माझं इतकं प्रेम असूनही एक गोष्ट लपवता येत नाही. ऑन्टारिओतल्या कितीतरी तळ्यांत तो मुळात नव्हता. अल्गॉन्क्विन उद्यानात विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला माणसांनीच आणून सोडलं, शौकिनांना खेळ मिळावा म्हणून. जिथे तो गेला तिथे त्याने काठाजवळचे लहान मासे संपवत आणले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या लेक ट्राउटला सूक्ष्म प्लवंगांवर गुजराण करायची वेळ आली. 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑन्टारिओच्या तळ्यांवरच्या संशोधनाने हे माशांच्या मांसातले कार्बन आणि नायट्रोजन तपासून दाखवलं. म्हणून जिवंत आमिषाची बादली एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कुणी नेताना दिसलं, तर मी ओळख नसली तरी बोलते.

खाण्याचं विचाराल तर पाइक उत्तम लागतो. त्याच्या अंगात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे काटे असतात म्हणून इकडचे बरेच लोक तो टाळतात. पेडवे खाऊन वाढलेल्या माणसाला त्याचं भय वाटू नये. मध्यम आकाराचा घ्यावा. मोठ्यांत पारा साठलेला असतो. कुठल्या तळ्यातला, किती लांबीचा, महिन्याला किती वेळा खावा, हे प्रांताचं सरकार मासे खाण्याच्या मार्गदर्शिकेत देतं, आणि गर्भवतींसाठी व मुलांसाठी वेगळे आकडे देतं. ती पाहिल्याशिवाय मी घरी मासा आणत नाही. पाठीचा तुकडा काट्यांच्या रांगेवरून सोडवून घ्यायचा, आगळ, हळद, मीठ, तिखट लावून ठेवायचा आणि रव्यात घोळवून तव्यावर टाकायचा. मांस पांढरं, घट्ट, वासाला स्वच्छ.

ऑगस्ट सरत आला की रात्री गार होतात. वरचा थर थोडा थोडा थंड होत जातो, जड होतो, थर्मोक्लाइन खाली ढकलली जाते, आणि शरदात एका वादळी आठवड्यात सगळं पाणी पुन्हा एक होतं. तेव्हा हा सगळा नकाशा रद्द. मोठे पाइक उरलेल्या हिरव्या गवताकडे परततात, बास खोल खडकांवर गोळा होऊ लागतो. भाच्याला त्या दिवसांत यायचं आहे. त्याला मी एवढंच कळवलंय, की वही आण, थर्मामीटर माझ्याकडे आहे, आणि पहिली सकाळ आपण दोघं नुसते आकडे उतरवण्यात घालवणार आहोत.